सीरीस वक्री असताना

मुलुंड
रविवार, १२ डिसेंबर १९७१

प्रिय गिल्बर्ट,

लढाई सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि नऊ दिवस मुलुंड काळोखात आहे. खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. रत्नप्रभा चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापते. करपली की नाही ते पहिल्या घासाला कळतं. भोंगा वाजला की इमारतीतली सगळी माणसं जिन्याखाली जमतात आणि कोणाची तरी विडी विझवण्यावरून भांडण होतं.

लिहू नये, पण लिहितो. मला या काळोखाने बरं वाटतं. काल गच्चीत गेलो, तर इथे राहायला आल्यापासून जे तारे पाहिले नव्हते ते दिसले. माझ्या या जाड भिंगांतूनसुद्धा. मग तुला तिथे आंबोलीत दुर्बिणीतून काय काय दिसत असेल!

आपला सीरीस येतो आहे. फेब्रुवारीत संध्याकाळी आठला पूर्वेला चांगला वर असेल. ही नववी खेप. परवा आठवी ब ला त्याच्याबद्दल सांगितलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत हजारो लघुग्रह फिरतात, त्यांत हा सगळ्यांत मोठा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८०१ साली सापडला तेव्हा त्याला ग्रह म्हणाले आणि पन्नासेक वर्षांनी ग्रहांच्या यादीतून काढून टाकलं. एक पोरगी म्हणाली, "सर, म्हणजे वर चढवून परत खाली बसवला?" मी हो म्हटलं. मग तिनेच विचारलं, "तुम्ही पाहिलाय?" मी म्हटलं, माझ्या मित्राने पाहिलाय. आठ वेळा. वर्ग हसला. त्यांना वाटलं मी थाप मारतो.

खरंच, दहा-अकरा वर्षं मी तो कुठे दिसेल याचे ठिपके कागदावर काढतो आहे आणि एकदाही पाहिलेला नाही. आता शाळेला एका माजी विद्यार्थ्याने तीन इंची दुर्बीण दिली आहे. मुख्याध्यापकांनी ती कपाटात ठेवली आहे आणि किल्ली स्वतःकडे.

दिवाळीनंतरच्या तुझ्या पत्रांतलं अक्षर फार सुधारलं आहे. चाळीस वर्षं तुला ओळखतो, हे कसं काय झालं?

डोरोथीवहिनींना नमस्कार.

तुझा
मार्तंड


आंबोली, अंधेरी
रविवार, १९ डिसेंबर १९७१

प्रिय मार्तंड,

लढाई संपली, दिवे लागले. तुझी मजा गेली.

आमच्या गल्लीचा वॉर्डन होता कॉस्मस. हातात शिट्टी आल्यापासून तो जनरल झाला होता. मी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो, तर खालून ओरडला, "गिल्बर्ट, कोणाला खुणा करतोस रे?" मी म्हटलं, विमानाला. तो खरंच वर आला, दुर्बीण घेऊन गेला आणि काल परत दिली. तेव्हा या काळोखात मी काय काय पाहिलं ते विचारू नकोस. काही पाहिलं नाही.

काळोखात सगळेच चाचपडत होते. फादर देवळाच्या पायरीवर पडले. मला ते दिवस सोपे गेले.

दवाखान्यात बदल होतो आहे. म्हातारे डॉक्टर नाताळ झाला की मुलीकडे राहायला जाणार. चोवीस वर्षं त्यांनी चिठ्ठी लिहायची आणि मी बाटली भरायची. त्यांचं अक्षर त्यांना वाचता येत नाही, मला येतं. आता त्यांचा मुलगा शिवदास बसणार. परदेशात शिकून आलाय. लहानपणी त्याला गोवर आला तेव्हा पुड्या मीच करून दिल्या होत्या. आता तो मला "मिस्टर गिल्बर्ट" म्हणतो. गावठाणात अजून निम्मे लोक मलाच डॉक्टर म्हणतात. तुझ्या सीरीससारखं मला कोणी खाली बसवलं नाही म्हणजे झालं.

अक्षराचं म्हणशील तर डोरोथीने मला कित्ता गिरवायला बसवलंय. पन्नाशीला आलेल्या माणसाची अशी थट्टा करू नये.

ठिपक्यांचा कागद वेळेवर पाठव. त्याशिवाय मी काय शोधणार?

नाताळचा फराळ या पत्राबरोबर पाठवता येत नाही. येऊन खा.

तुझा
गिल्बर्ट


मुलुंड
रविवार, २३ जानेवारी १९७२

प्रिय गिल्बर्ट,

कागद सोबत आहे. पद्धत नेहमीचीच. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून ठिपके उतरवले आहेत. मध्ये जो ठळक तारा आहे त्याला यंदा 'क' म्हणू. वरची बाजू उत्तर. सीरीसचे तीन ठिपके आहेत: ५, ९ आणि १३ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेआठ. त्या दिवसांत चंद्र आड येणार नाही.

शाळेतला जुना कागद संपला. हा नवा फार पातळ आहे, उलटसुलट कळत नाही, हाताच्या घामाने आकसतो. सांभाळून वापर.

तू नेहमी करतोस तसंच कर. तीन संध्याकाळी पाहा, जे दिसेल ते कोऱ्या कागदावर काढ आणि पाठव. माझा कागद शेजारी ठेवून काढू नकोस, असं दर वेळी लिहितो. तू दर वेळी रागावतोस. तरी लिहितो.

मुख्याध्यापक किल्ली द्यायला तयार झाले आहेत. यंदा मीही पाहणार.

नवे डॉक्टर कसे आहेत? तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

तुझा
मार्तंड


आंबोली, अंधेरी
सोमवार, १४ फेब्रुवारी १९७२

प्रिय मार्तंड,

दिसला. तिन्ही दिवस.

पाच तारखेला समुद्राकडून थोडं धुकं होतं. थेट पाहिलं तर काही नाही. नजर जरा बाजूला ठेवली की ठिपका उमटायचा. नऊला स्वच्छ. तेराला सगळ्यांत छान, करड्या रंगाचा, न लुकलुकणारा. 'क'च्या पश्चिमेला, तू काढलास तिथेच. गणिताला दाद देतो. काढलेला कागद सोबत आहे.

नवे डॉक्टर हुशार आहेत. एकेका पेशंटला पंधरा मिनिटं तपासतात. बाहेर बाकावर बायका कुरकुरतात. महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांनी माझं कपाट रिकामं केलं. चोवीस वर्षं बाटल्या माझ्या हाताच्या सवयीने लावलेल्या होत्या. रोजच्या खाली, लावायच्या डावीकडे, जपून द्यायच्या वरच्या खणात उजव्या कोपऱ्यात. आता सगळ्या इंग्रजी आद्याक्षरांनी. म्हणजे पोटात घ्यायचं औषध आणि गुडघ्याला चोळायचं तेल शेजारी शेजारी, का तर दोघांचं नाव एकाच अक्षराने सुरू होतं. मी म्हटलं, डॉक्टर, माझा हात चुकेल. तर म्हणाले, "हात कशाला, लेबल वाचा ना." बरोबर आहे त्यांचं.

तुझ्या शाळेच्या दुर्बिणीचं काय झालं? किल्ली मिळाली नसेल तर बरंच आहे. इतक्या वर्षांनी पाहशील आणि म्हणशील, एवढंच?

तुझा
गिल्बर्ट


मुलुंड
गुरुवार, १७ फेब्रुवारी १९७२

प्रिय गिल्बर्ट,

घाईत लिहितो आहे. दुसरा तास मोकळा आहे.

मी पाहिला. सोमवारी चौदाला शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावली. माझ्याकडच्या नकलेप्रमाणे 'क'च्या पश्चिमेला शोधत बसलो. तास गेला, काही नाही. चष्म्यावर वाफ धरली. मग कंटाळून 'क'च्या पूर्वेला गेलो, तर तिथे नकाशात नसलेला एक ठिपका. काल पुन्हा पाहिलं. तो सरकला होता. पश्चिमेकडे, 'क'च्या दिशेने.

आणि काल घरी येतो तर तुझं पत्र. तुला तिन्ही दिवस पश्चिमेला दिसला आहे.

गिल्बर्ट, 'क'च्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. आपल्याला दोन सापडले आहेत! रात्रभर झोप नाही. दोघांपैकी एक सीरीस असेल तर दुसरा कोण? मी तुझ्या जागी पाहिलं तेव्हा मला काही दिसलं नाही, पण तुझे डोळे आणि माझे डोळे यांत फरक आहे. तू जो पाहिलास त्याची नोंद जगात कोणाकडे नसेल तर? मी कोणाला काही सांगितलेलं नाही. रत्नप्रभालाही नाही.

आज आणि उद्या पुन्हा पाहा. किती तेजस्वी होता ते लिही. उलट टपाली उत्तर दे.

तुझा
मार्तंड


मुलुंड
शनिवार, १९ फेब्रुवारी १९७२

प्रिय गिल्बर्ट,

परवाचं पत्र विसर. नवा कोणी सापडलेला नाही.

काल शांत बसून मी माझ्याकडचा नकलेचा कागद काढला. नकाशावर ठेवला. बसेना. मग उलटा करून ठेवला. तंतोतंत बसला. ठिपके उतरवून झाल्यावर अक्षरं आणि तारखा मी मागच्या बाजूने लिहिल्या. पूर्वेची पश्चिम झाली. माझी चूक. इतक्या वर्षांतली पहिली, असं मला वाटतं. सीरीस 'क'च्या पूर्वेलाच होता. मी पाहिला तो तोच. तुझ्या तीन ठिपक्यांच्या जागी काही नाही.

तुझे ठिपके माझ्या चुकीच्या कागदापासून केसभरही हललेले नाहीत.

यावर मी दिवसभर विचार केला. तू पाहिलं नाहीस आणि माझा कागद पाहून काढलास, असं समजलो. ढग असतील, कंटाळा आला असेल. तेवढं मी सोडून दिलं असतं, एक शिवी देऊन. पण ते तसं नाही.

माझ्या उलट्या कागदावर सीरीस पूर्वेकडे चालत होता. या फेब्रुवारीत तो वक्री आहे. उलटा, पश्चिमेकडे चालतो. हे मला तू शिकवलंस. पहिल्याच खेपेला मी ठिपके उलट क्रमाने काढले होते आणि तू पाकीट उघडताक्षणी लिहिलंस, "मास्तर, ग्रह वक्री आहे, तुझं डोकं नव्हे." कागद हातात घेऊन एकदा पाहिलं असतंस तर याही वेळी तुला चूक कळली असती. आकाशाकडे बघायची गरज नव्हती.

म्हणजे तू कागदही पाहिलेला नाहीस. ठिपके दुसऱ्या कोणीतरी काढले. आणि ज्याला पांढऱ्या कागदावरचे शाईचे ठिपके दिसत नाहीत त्याला बाटलीवरचं लेबल कसं दिसतं?

मला तुझ्यावर आरोप करायचा नाही. मला फक्त सांग की मी चुकतो आहे. सोमवारी सकाळी तू दवाखान्यात उभा राहशील. ते डोळ्यांसमोर येतं आणि मग मला दुसरं काही सुचत नाही.

मार्तंड


आंबोली, अंधेरी
मंगळवार, २२ फेब्रुवारी १९७२

मार्तंड,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. एकात मी शोध लावला, दुसऱ्यात मी आंधळा झालो. दोन दिवसांत एवढं चढवून उतरवलंस.

चूक तुझी आणि उलटतपासणी माझी? मान्य, कागद शेजारी ठेवला होता. हवा खराब होती. तू सांगितलेल्या जागी काहीतरी आहे असं वाटलं, मी आहे म्हटलं. सीरीस पहिल्यांदा सापडला तरी कसा होता? तूच वर्गात सांगतोस. पाहणारा आजारी पडला, ग्रह सूर्याआड गेला, कोणाला सापडेना, मग एकाने कागदावर गणित करून सांगितलं की इथे पाहा. मी तुझ्या गणितावर विश्वास ठेवला. हा गुन्हा असेल तर माझ्या घरी पोलीस पाठव.

दवाखान्याचा विषय काढू नकोस. चोवीस वर्षांत माझ्या हातून एक बाटली चुकलेली नाही. तुझ्याबद्दल आता असं म्हणता येणार नाही.

तू आकाशातल्या ठिपक्यांपुरतं बघ. माझं मी बघतो.

गिल्बर्ट


आंबोली, अंधेरी
शुक्रवार, २५ फेब्रुवारी १९७२

मार्तंडभाऊ,

सप्रेम नमस्कार. अक्षर तुम्ही ओळखाल. दिवाळीपासून गिल्बर्टची सगळी पत्रं मीच लिहिते. तो बोलतो, मी लिहिते. तुमची पत्रं मीच त्याला वाचून दाखवते. ते ठिपकेही मीच काढले. तुमचा कागद काचेवर ठेवला, वर कोरा कागद ठेवला आणि जसे होते तसे काढले. पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली मला कळत नाही. मला कळलं असतं तर तुमची चूक मी सुधारली असती आणि मग तुम्हाला कधीच काही कळलं नसतं. हे आठवलं की घाबरायला होतं.

हे पत्र त्याला न सांगता लिहिते आहे. राखेच्या बुधवारपासून उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. मी चहातली साखर सोडली. मंगळवारचं ते पत्र लिहून पाकीट चिकटवलं आणि मला वाटलं, साखर कसली सोडतेस, खोटं लिहिणं सोड.

त्याला दोन वर्षांपासून कमी दिसतं. आधी तारे गेले. मग बसचा नंबर. आता माणसं आवाजाने ओळखतो आणि थट्टा करतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मोतीबिंदू आहे असं मला वाटतं. बाहुली दुधाळ दिसते. डॉक्टरांना दाखव म्हटलं की उठून जातो. त्याच्या आईचा डोळा कापला होता. सात दिवस डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून ती पडली होती. तेव्हा तो तिच्याजवळ बसायचा. आठव्या दिवशी पट्टी सोडली तर तिला काहीच दिसेना. ती नंतर अकरा वर्षं जगली. तो विसरत नाही.

दवाखान्यात त्याला सगळ्या जागा पाठ होत्या. शिवाय मी बाटल्यांच्या गळ्याला दोरे बांधून दिले होते. चोळायच्या औषधाला दोन गाठी, जपून द्यायच्या औषधाला तीन. म्हाताऱ्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही. शिवदास डॉक्टरांनी कपाट बदललं तेव्हा म्हणाले, "मिस्टर गिल्बर्ट, हे कसले गंडेदोरे?" आणि कात्रीने सगळे कापून टाकले. गिल्बर्ट हसला. घरी येऊन जेवला नाही.

आता तो वासावर ओळखतो. मी अकराला डबा घेऊन जाते आणि आत उभी राहून हळूच लेबलं सांगते. पण त्याआधी दोन तास तो एकटा असतो.

चोवीस वर्षांत बाटली चुकली नाही हे तो बोलला आणि मी लिहिलं. ते खरं नाही. दहा तारखेला पलीकडच्या आळीतली मालन खोकल्याचं औषध घेऊन गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. "डॉक्टरमामा, याला टर्पेंटाइनचा वास येतो." चोळायचं औषध होतं. मुलीला पाजायला तिने चमचा भरला होता. मालन हसत होती. तिने कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून गिल्बर्टला झोप नाही. मला म्हणाला, "वास आला म्हणून वाचली. ज्या औषधांना वास नाही त्यांचं काय?"

तरी दुसऱ्या दिवशी गेला. तो वाईट माणूस नाही, मार्तंडभाऊ. तो घाबरलेला आहे. मीही.

काय करू ते सांगा. उत्तर त्याच्या नकळत मला देवळाच्या पत्त्यावर पाठवू नका, घरीच पाठवा. आता लपवायचं नाही.

तुमची
डोरोथी


मुलुंड
रविवार, २७ फेब्रुवारी १९७२

प्रिय गिल्बर्ट,

वहिनी, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

गिल्बर्ट, डोरोथीवहिनींनी मला सगळं लिहिलं आहे. त्यांच्यावर रागावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

आधी माझं सांगतो. ऑक्टोबर १९७० च्या खेपेला तू एका संध्याकाळी सीरीस "सुरेख दिसला" असं लिहिलंस. त्या संध्याकाळी मी पार्ल्याला बहिणीकडे होतो. तिथून आंबोली दोन मैल. पाऊस पडत होता. मी छत्री घेऊन परत आलो. तुझं पत्र वाचलं, छत्रीकडे पाहिलं आणि नोंद वहीत उतरवली. मला वही पूर्ण हवी होती. तेव्हा विचारलं असतं तर आज हे एवढं वाढलं नसतं. तेव्हा मी कोणत्या तोंडाने तुला खोटारडा म्हणू?

पण सीरीसला तू कुठेही बसव, त्याचं काही बिघडत नाही. तो जायचा तिकडे जातो. मालनच्या मुलीचं तसं नाही. बाकावर बसलेली माणसं तुझ्या कागदावरचे ठिपके नाहीत. तू दिलेलं ती विचार न करता तोंडात घालतात.

मी शिवदास डॉक्टरांना पत्र लिहिलं आहे. पाकीट बंद करून तिकीट लावून ठेवलं आहे. टाकलेलं नाही. येत्या रविवारपर्यंत, पाच मार्चपर्यंत, टाकणार नाही. सोमवारी सकाळी शाळेला जाताना टाकीन. तुला हे चहाडी वाटेल. वाटू दे. चाळीस वर्षांची मैत्री यात जाईल हेही मी धरून चाललो आहे. काल रात्रभर त्याचाच हिशोब केला आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

तू स्वतः सांगितलंस तर पत्र फाडीन.

ऑपरेशनबद्दल मी काही बोलत नाही. त्यातलं मला कळत नाही आणि तुझी आई मलाही आठवते.

तोवर एक कर. हे मिळाल्या दिवसापासून वहिनी आल्याशिवाय कपाटाला हात लावू नकोस. तापाचं निमित्त कर. एवढं एक खोटं अजून चालेल.

तुझा
मार्तंड


आंबोली, अंधेरी
रविवार, १२ मार्च १९७२

प्रिय मार्तंड,

हे मी लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. डोरोथी म्हणते, अर्धं वाचता येतं. तेवढं पुरे.

सोमवारी पाकीट टाकलंस की नाही मला माहीत नाही. मी त्याआधीच, शनिवारी चार तारखेला सांगितलं. शेवटचा पेशंट गेल्यावर आत गेलो आणि म्हटलं, डॉक्टर, मला लेबलं दिसत नाहीत. ते हसले. त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर बदललाय. मी म्हटलं, तुम्ही समोर बसला आहात ते आवाजावरून कळतं. मग हसले नाहीत. मला खिडकीशी नेलं, दोन्ही डोळे पाहिले. उजवा पिकलाय, डावा त्या वाटेवर. विचारलं, "किती दिवस?" मी खरं सांगितलं. ते उठून कपाटाशी गेले. मग म्हणाले, "ते दोरे मी कापले." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. ते म्हणाले, "विचारायला हवं होतं."

मला वाटलं आता संपलं, घरी जायचं. पण त्यांनी पेशंटांची वही काढली. आठवड्याभरात माझ्या हातून बाटली गेलेली तेवीस नावं निघाली. तू सांगितलेलं तापाचं निमित्त मी केलं नव्हतं, मार्तंड. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत रोज नऊला उभा होतो. डोरोथी त्या दिवसांत नऊलाच यायला लागली, तरी ती बाकावरच्या बायकांशी बोलत असताना मी काही बाटल्या भरल्याच. का ते विचारू नकोस. मलाच कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, माणूस पाठवून बाटल्या गोळा करू. मी म्हटलं, मी जातो. डोरोथीने हात धरला आणि आम्ही शनिवारी दुपारपासून दारोदार हिंडलो. प्रत्येक दारात एकच वाक्य. "मला दिसत नाही, मी दिलेली बाटली परत द्या." पहिल्या तीन दारांत डोरोथी बोलली. मग मी बोललो. कॉस्मसच्या घरी सगळं कुटुंब बाहेर येऊन उभं राहिलं. तो म्हणाला, "मग तू दुर्बीण घेऊन वर काय करत होतास रे?" मी म्हटलं, नाटक. तो हसला नाही. आत जाऊन स्वतः बाटली घेऊन आला.

रतन म्हातारीने दिली नाही. "तू भरलीस ना? मग बरोबरच असणार. मी नाही देत जा." मी सांगितलं, बाय, मी आंधळा झालोय. ती म्हणाली, "डोळ्यांनी कुठे भरतोस तू." तिच्या हातातून बाटली अक्षरशः ओढून घ्यावी लागली. ती मला शिव्या देत राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होत्या.

रविवारी देवळातली मिसा, प्रार्थना झाल्यावर उरलेली घरं केली. तेवीसच्या तेवीस मिळाल्या. डॉक्टरांनी एकेक उघडून पाहिली. बावीस बरोबर. रतनचीही. एक चुकलेली होती. पूर्वी वरच्या खणात असायचं ते, जपून द्यायचं, वास नसलेलं. ती नंदूच्या घरातली. त्याच्या बापासाठी नेली होती, पण म्हाताऱ्याने "उद्यापासून घेतो" म्हणून फळीवर ठेवून दिली होती. बूच उघडलेलं नव्हतं. पाच दिवस ती तिथे होती. रोज संध्याकाळी सून त्याला म्हणायची, औषध घ्या. तो म्हणायचा, उद्या.

मी तिथेच ओट्यावर बसलो. 

आता कपाटाशी दुसरा माणूस येणार आहे. तोवर डॉक्टर स्वतः भरतात. मला त्यांनी घालवलं नाही, ठेवलंही नाही. म्हणाले, आधी डोळे. ईस्टर झाला की उजव्याचं ऑपरेशन. मी हो म्हटलं. भीती गेली असं समजू नकोस. वाळूच्या पिशव्या आता लावत नाहीत असं डॉक्टर सांगतात. मी त्यांना दोनदा विचारलं.

मालनला काल दारात बोलावून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माहीत होतं मला. म्हणून मी दर वेळी वास घ्यायचे." म्हणजे तुझ्यासारखं तिनेही विचारलं नाही.

तुझ्यावर राग होता. पुष्कळ होता. बहुतेक अजून आहे थोडा. ये एकदा, भांडू. येताना शाळेची दुर्बीण आणू नकोस.

एक नोंद पाठवतो. ही मी एकट्याने केली. डोरोथी जिन्यापर्यंत आली, पुढे मी तिला येऊ दिलं नाही. दुर्बीण कठड्यावर टेकवली होती. जशी आहे तशी वहीत उतरव.

११ मार्च १९७२. संध्याकाळी आठ. आंबोली. डोरोथीच्या म्हणण्याप्रमाणे आकाश निरभ्र, चंद्र नाही.

पश्चिमेला शुक्र दिसला. एक नव्हे, चार किंवा पाच, एकमेकांवर चढलेले, भोवती मोठं कडं. मोजता आले नाहीत.

डोक्यावर: काही नाही. 'क' दिसला नाही. पूर्वेला पाहिलं, पश्चिमेला पाहिलं. थेट पाहिलं आणि नजर बाजूला ठेवून पाहिलं. वीस मिनिटं.

सीरीस दिसला नाही. शंका नाही.

निरीक्षक: गिल्बर्ट